देवाने दाखवलं नव्हतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही. आणि देवाला? त्याला तर सगळं माहीतच आहे, असं म्हणून मी त्याच्याशीही या विषयावर कधी बोलले नाही. सोयीचं असतं ते. ज्याला ठाऊक आहे त्याला पुन्हा काय सांगायचं?

आता सांगते आहे, कारण गेल्या महिन्यात पाळकबाईंनी मला तरुण मुलींच्या वर्गावर बोलायला लावलं. विषय होता प्रार्थनेतला समतोल. म्हणजे नुसतं मागत बसायचं नाही — स्तुती, पापकबुली, उपकारस्तुती आणि मग विनंती. बोलायचं आणि गप्पही बसायचं. गुडघे टेकायचे आणि उठून कामालाही लागायचं. बारामतीत एमआयडीसीजवळ माझी मेस आहे. रोजचा मोठा स्वयंपाक हातावर असलेल्या बाईला प्रमाण काय शिकवायचं, असं पाळकबाई हसून म्हणाल्या. मी बोलले. बरं बोलले. फक्त पापकबुलीपाशी आले तेव्हा दोन वाक्यांत उरकलं आणि पुढे गेले. कुणाच्या लक्षात आलं नसावं.

पुढच्याच बाकावर प्रीती बसली होती. सुमनची मुलगी. वर्ग संपल्यावर ती माझ्यापाशी आली आणि तिने मला एक गोष्ट विचारली. काय विचारलं ते सांगते — पण आधी सुमन कोण ते सांगायला हवं. पाहा, मी पुन्हा लांबच्या रस्त्याने निघाले. खरं तर मला आडवळणाने बोलायची सवय नाही.

बारामती ते इंदापूर या पट्ट्यात आमची ख्रिस्ती घरं थोडी, विखुरलेली. म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी एकेकाच्या घरी प्रार्थना असते. सतरंजी अंथरायची, एखादं गीत म्हणायचं, मग ज्याने त्याने आपापला विषय सांगायचा — कुणाची बदली, कुणाची परीक्षा, कुणाची म्हातारी दवाखान्यात. मग डोळे मिटायचे आणि एकामागून एकाने मोठ्याने प्रार्थना करायची. शेवटी चहा-पोहे. माझी प्रार्थना आखूड असायची. सांगितलेला एकही विषय सुटायचा नाही, एकही शब्द जास्तीचा नसायचा. सुमनचा नवरा दानिएलभाऊ चेष्टा करायचे, "प्रमिलाताई देवाला किराणा भरायला पाठवतात. पण एकही जिन्नस विसरायच्या नाहीत हं!" सगळे हसायचे. मीही हसायचे. मला ते आवडायचं. कुणाच्या घरी काही झालं की आधी मला फोन यायचा — ताई, प्रार्थनेत ठेवा.

सुमन इंदापूरला राहायची, एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला. दानिएलभाऊ एका साखर कारखान्यात टाइमकीपर होते. माणूस सज्जन. तरुणपणी दारू प्यायचे, ती प्रार्थनेने सुटली. दवाखाना नाही, औषध नाही, एका रात्रीत सुटली. तेव्हापासून त्यांचं पक्कं झालं होतं, की जे प्रार्थनेने होत नाही ते आपल्या विश्वासातल्या खोटीमुळे होत नाही. मी त्यांना दोष द्यायला हे सांगत नाही. स्वतःच्या आयुष्यात जे घडलं त्यावर माणूस विश्वास ठेवणारच की.

प्रीती लहान होती, शाळेत जायची, त्या वर्षी सुमन बंद पडली होती. दुसरा शब्द मला सुचत नाही. एकदा माझ्या मेसमध्ये मेथी निवडायला बसली आणि म्हणाली, "प्रमिला, सकाळी गॅसपाशी उभी राहते आणि पुढं काय करायचं तेच आठवत न्हाय. प्रीतीची वेणी घालता घालता हात थांबतात. रडूबी येत न्हाय." मी मेथी बाजूला केली. अशा वेळी मला काय करायचं ते लगेच कळतं. स्कूटी काढली, तिला मागे बसवलं आणि बारामतीतल्याच मनाच्या आजाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते शांतपणे बोलले, गोळ्या लिहून दिल्या. निघताना तिला म्हणाले — आणि शेजारी बसलेल्या मलाही — की या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. बरं वाटलं तरी नाही. बंद करायच्या झाल्या तर मला विचारून, हळूहळू.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते ऐकलं होतं.

दानिएलभाऊंना कळू द्यायचं नव्हतं. "त्यांना वाटंल माझा देवावरचा भरवसाच उडाला," सुमन म्हणाली. मग आम्ही युक्ती काढली. मसाला करायला प्रमिलाला मदत लागते, असं सांगून ती एसटीने बारामतीला यायची, डॉक्टरांना दाखवायची, गोळ्या घ्यायची. पुढे पुढे ती सुधारली. खरंच सुधारली. एक दिवस माझ्या आचाऱ्याच्या कुठल्याशा फालतू विनोदावर खळखळून हसली आणि स्वतःच दचकली. "कुणाला बोलू नगं हां," ती म्हणाली. मी म्हटलं, "माझ्या पोटात राहील."

राहिलं असतं. रेखावहिनी आल्या नसत्या तर राहिलं असतं का? — नाही, हे वाक्य खोडायला हवं. रेखावहिनींचा यात काही दोष नाही. त्या भिगवणच्या, त्यांच्या घरचा मासळीचा व्यापार. त्या वर्षी आमच्या शुक्रवारात नव्याने येऊ लागल्या होत्या. त्या प्रार्थना करायच्या तेव्हा हात वर जायचे, आवाज कापायचा, डोळ्यांतून पाणी गालावर. वचनांमागून वचनं पाठ. बाकीचे मधेमधे "आमेन, आमेन" म्हणायचे. माझ्या प्रार्थनेत मधे कधीच कुणी आमेन म्हटलं नव्हतं. शेवटी म्हणायचे, तेही चहाची वेळ झाली म्हणून. एका शुक्रवारी आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या सारामावशी डोळे पुसत म्हणाल्या, "काय ती प्रार्थना केली पोरीनं! काळजाला हात घातला." आणि माझ्याकडे वळून — "तुझं आपलं हजेरी घेतल्यावानी असतं गं, प्रमिला." सगळे हसले. मीही हसले.

पण ते मला लागलं. पन्नाशीकडे झुकलेल्या, मेस चालवणाऱ्या, दोन मुलं मार्गी लावलेल्या बाईला असलं काही लागावं? लागलं. पुढचे काही शुक्रवार मी रेखावहिनींची प्रार्थना ऐकत नव्हते, त्यांना मिळणारे आमेन ऐकत होते.

मग तो शुक्रवार. पळसदेवला सारामावशींच्या घरी. रेखावहिनींनी प्रार्थना केली आणि खोली भरून आली. त्यानंतर माझी पाळी. मी नेहमीसारखी सुरुवात केली — याची परीक्षा, त्याची बदली. खोलीत कुणाच्या तरी खोकल्याशिवाय आवाज नाही. मला जाणवलं, लोक वाट पाहताहेत, ही कधी संपवते. आणि मग माझ्या तोंडून पुढचे शब्द निघाले. "निघाले" असं मी लिहिते आहे, जणू ते आपोआप निघाले. नाही. मी ते काढले. आधी मला ते सुचलं, मग मी क्षणभर थांबले, मग आवाज खाली आणला — थांबण्याचा परिणाम होतो हे मी रेखावहिनींकडूनच शिकले होते — आणि म्हणाले,

"प्रभू, आमच्यातली एक बहीण गोळ्या लपवून ठेवते आहे. घरच्यांपासून लपवून ती मनासाठी गोळ्या घेते आहे. तिचा भार तुला ठाऊक आहे. तिला मोकळी कर."

नाव घेतलं नाही. नाव घेतलं नाही म्हणजे आपण काही फोडलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत होते, बोलता बोलताच. आमेन आले. एक, दोन, मग सगळीकडून. आणि त्या आमेनमध्ये एक हुंदका.

डोळे उघडले तेव्हा सुमन पदरात तोंड घालून बसली होती. सारामावशी उठून उभ्या राहिल्या. "आगं बया! देवानं दाखिवलं हिला! कुणाचं हाय ते सांगा, लाजू नगा, देवापुढं कसली लाज?" मग सुमन हळूच म्हणाली, "माझं हाय."

दानिएलभाऊ तिच्याकडे बघत राहिले. रेखावहिनींनी माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत निखळ आदर होता, असूया नव्हती. "ताई, तुम्हाला कसं दिसलं हो हे?"

आता बघा. इथे मी सांगू शकत होते. "दिसलं-बिसलं काही नाही, मला तिनेच सांगितलं होतं." लाज गेली असती, इतकंच झालं असतं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "माझं काही नाही. गौरव त्याचा."

नम्रतेचं वाक्य आहे हे. आमच्यात कुणी कौतुक केलं की असंच म्हणतात. एकही शब्द खोटा नाही आणि पूर्ण वाक्य खोटं. सुमनने पदरातून तोंड काढून माझ्याकडे पाहिलं. तीही सांगू शकत होती. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर मसाल्याचं खोटं उघड झालं असतं आणि नवऱ्याआधी परक्या बाईला सांगितलं हेही. म्हणून गप्प राहिली, की मला सांभाळण्यासाठी? मला आजही माहीत नाही. विचारायला मी कधी गेले नाही.

दानिएलभाऊ चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. घरी गेल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तिला माफ केलं — आणि गोळ्या पाणी तापवायच्या बंबात टाकल्या. हे त्यांनीच रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. मग सुमनला साक्ष द्यायला उभं केलं. ती उभी राहिली, माईकपासून जरा लांब, आणि म्हणाली, "मी आता गोळ्या घेत न्हाय. देवानं मला मोकळं केलं." पाठ केल्यासारखं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी पहिल्या रांगेत होते. त्या अख्ख्या चर्चमध्ये दोनच माणसांना डॉक्टरांचं वाक्य माहीत होतं, आणि त्यातलं एक माईकपाशी उभं होतं. मला फक्त उठून म्हणायचं होतं, "भाऊ, त्या गोळ्या अशा एकदम बंद करायच्या नसतात." नंतर चर्चबाहेर चपला घालतानाही म्हणता आलं असतं. फोनवर म्हणता आलं असतं. पण "तुम्हाला कसं माहीत?" हा पुढचा प्रश्न आला असता. मग डॉक्टर, मग स्कूटी, मग मसाला, मग — देवाने दाखवलं नव्हतं.

म्हणून मी आमेन म्हणाले.

शुक्रवारी मी जे केलं ती चहाडी होती. तोल गेला, असं एखाद वेळी म्हणता येईल. रविवारी माझा तोल गेला नव्हता. मी पूर्ण विचार करून गप्प बसले. मला जे सांगायचं होतं ते हे.

पुढचं थोडक्यात सांगते. सुमन पुन्हा बंद पडली, आधीपेक्षा वाईट. झोप गेली. जेवण गेलं. शाळेत जाणारी प्रीती स्वतःची वेणी स्वतः घालायला लागली. एकदा गॅस चालू राहिला, शेजारणीला वास आला म्हणून निभावलं. मग आम्ही बायकांनी काय केलं असेल? सुमनच्या घरी उपास-प्रार्थना ठेवली. पुढाकार माझाच. ज्या बाईला मेथी निवडता निवडता कळलं होतं की डॉक्टरकडे न्यायला हवं, ती आता सतरंजीवर बसून सैतानाला धमकावत होती. माझ्या प्रार्थनांना एव्हाना मधेमधे आमेन येत होते.

सुमन भिंतीला टेकून बसली होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले, दुसरं कुणीतरी प्रार्थना करत होतं. मी डोळे किलकिले केले तर ती माझ्याकडेच बघत होती. जरा सरकली आणि माझ्या कानाशी अगदी साध्या आवाजात, मीठ आहे का विचारावं तसं, विचारलं, "तुझी थायरॉइडची गोळी घेतलीस का आज?"

मी रोज सकाळी उपाशीपोटी ती गोळी घेते. किती वर्षं घेते आहे. उपासाच्या त्या दिवशीही घेतली होती.

"घेतली," मी म्हणाले.

तिने मान हलवली. बरं केलंस, अशी. त्यात टोमणा असता तर मला सोसायला सोपं गेलं असतं. नव्हता.

थोड्या दिवसांनी नगरहून तिचा भाऊ आला. दानिएलभाऊंशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं आणि तो बहिणीला घेऊन गेला. प्रीतीची शाळा इथे, ती वडिलांकडे राहिली. तिकडे सुमनचे उपचार पुन्हा सुरू झाले. आता ती बरी आहे असं ऐकते, घरी लहान मुलांच्या शिकवण्या घेते. इंदापूरला ती परत आली नाही. आमच्यात हळूहळू ठरून गेलं, की देवाने सुमनला संधी दिली होती, तिचा विश्वास अपुरा पडला. असं मी कधी म्हटलं नाही. कुणी म्हटलं तर खोडलंही नाही. आणि माझं नाव झालं. पार टेंभुर्णीपासून माणसं यायला लागली — ताई, बोअरला पाणी लागेल का बघा. ताई, हे स्थळ देवाच्या इच्छेतलं आहे का बघा. पुढे मी कधी कुणाला "मला दिसलं" म्हणाले नाही. गरजच पडली नाही.

आता प्रीतीने काय विचारलं ते.

नोकरीला लागली आहे ती, लग्न ठरलंय. वर्ग संपल्यावर इतर मुली गेल्या तरी ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. म्हणाली, "काकू, मम्मी म्हणतेय लग्नाला येऊ का. पप्पा म्हणतात, देवाने प्रमिलाताईंच्या तोंडून सांगूनही जिने ऐकलं नाही, तिला बोलवायचं की नाही ते तूच ठरव. मला ठरवता येत नाही. मम्मीला आमच्यापेक्षा गोळ्या जवळच्या वाटल्या, असंच मला लहानपणापासून वाटत आलंय." मग जरा हसून म्हणाली, "तुम्ही प्रार्थनेत बघा ना. तुम्हाला जे दिसेल ते मी करीन."

तिची आई तिच्या लग्नाला येणार की नाही, हे तिने माझ्या हातात दिलं. आणि मी — नुकतीच तासभर समतोलावर बोललेली मी — तिच्या गालाला हात लावून म्हणाले, "करते हं प्रार्थना."

घरी येऊन खरंच गुडघे टेकले. काही बोलता येईना. स्तुती सुचेना, विनंती कसली करणार? वरून काही ऐकू आलं नाही आणि ते योग्यच होतं. सांगायचं राहिलं होतं ते माझ्याकडून. आणि ते त्याला नाही, प्रीतीला.

उद्या सकाळी मेस सुनेवर सोपवून मी इंदापूरला जाणार आहे. दानिएलभाऊ घरी असतील तेव्हाच सांगणार, दोघांसमोर. माफी मागणार नाही. मागितली तर ती पोर देऊन टाकेल, तशीच आहे ती, आणि मग माझंच ओझं हलकं होईल. फक्त जे झालं ते सांगणार. डॉक्टरांकडे मी नेलं. गोळ्या सोडायच्या नाहीत हे मला माहीत होतं. देवाने मला काहीही दाखवलं नव्हतं.

आणि एक. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण हे पाहणारी मी एकटीच आहे. डॉक्टरांकडून आल्यावर सुमनने पहिली गोळी माझ्याच स्वयंपाकघरात घेतली होती. कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. तिने गोळी तळहातावर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाली, "बापा, ही तूच दिलीस. मला माझ्या पोरीसाठी उठव." मग घोटभर पाण्याबरोबर ती गिळली आणि उरलेली मेथी निवडायला बसली.

हे मी ऐकलं होतं. पळसदेवला, आवाज खाली आणून बोलायला लागले तेव्हाही ते मला आठवत होतं.